अधिकाचे अनारसे

"विहीणबाई, पिशवी त्या पट्ट्यावर ठेवा," मी म्हटलं.

"असू दे. हातातच बरी आहे."

"हातातली चालत नाही. सगळ्यांच्या पिशव्या त्या यंत्रात जातात आणि पलीकडून बाहेर येतात. परवा विमानतळावर नाही का केलं?"

"परवा ती मोठ्या बॅगेत होती," विहीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवी आणखीनच पोटाशी धरली.

आमच्यामुळे रांग अडली होती. मागे एक गोरं कुटुंब उभं होतं आणि त्यातली बाई घड्याळाकडे बघून नवऱ्याशी काहीतरी पुटपुटत होती. माझा मुलगा तुषार आणि सून मृणाल तपासणी आटोपून केव्हाच पलीकडे पोहोचले होते. तुषार तिथून हातवारे करत होता. हा टॉवर नवा उघडलेला, त्याच्या ठरावीक वेळेची तिकिटं, वेळ चुकली की तिकीट वाया, हे त्याने सकाळपासून आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं होतं की मला ते पाठ झालं होतं.

"आहे तरी काय त्यात एवढं?" मी विचारलं.

विहीणबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "कोणाला बोलू नका हं. अनारसे आहेत. अधिकाचे. तुषाररावांसाठी."

ही दोन हजार दहा सालची गोष्ट. अधिक वैशाख चालू होता आणि मुलांच्या लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते. तुषारची नोकरी दुबईत, म्हणून त्याच्या हौसेखातर आम्ही दोघी विहिणी पंधरा दिवसांसाठी तिकडे गेलो होतो. मी नाशिकची, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली. त्या पुष्पलताबाई शेवडे, कराडच्या. यजमान गेलेले, एकुलती एक मुलगी, एकट्या राहायच्या. दुबई काही त्यांना मानवत नव्हती. सरकत्या जिन्यापाशी आल्या की माझा हात घट्ट धरायच्या आणि वर पोहोचल्यावर मला धन्यवाद द्यायच्या, जणू मीच तो जिना चालवत होते.

जावयाला पहिल्या अधिकात वाण द्यायचं, तेहतीस अनारसे, निरांजन, विडा. संध्याकाळी बर दुबई भागातल्या कृष्णाच्या देवळात जायचं ठरलं होतं, तिथे त्या ते देणार होत्या. आधी कळलं असतं तर तुषारने "कशाला हा व्याप" म्हणून मोडता घातला असता, म्हणून डबा लपवून आणलेला. खरं सांगते, मला कौतुक वाटलं. चांगलं म्हणजे चांगलंच कौतुक वाटलं, आणि मग एकदम लक्षात आलं.

अनारसा म्हटला की त्याच्या एका अंगाला खसखस आली.

महिन्यापूर्वी तुषारने मला फोनवर बजावलं होतं. "आई, खसखस म्हणजे खसखस आणायची नाही. इथे ती अफूत धरतात. चिमूटभर सापडली तरी तुरुंग. माणसं आत गेलीत, खरीखुरी." मी घाबरून मसाल्याचा डबासुद्धा घरी ठेवला होता.

"विहीणबाई," मी शक्य तितक्या हळू विचारलं, "मृणालने तुम्हाला खसखशीचं सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं ना. म्हणून तर पुडी काढून शेजारच्या जोगबाईंना दिली."

"आणि अनारशांवर?"

"अनारशांवर होय? ती काय, लावलेली आहे." एवढं बोलल्या आणि थांबल्या. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरताना मला दिसला. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "तीही धरतात का हो?"

मागे वळावं तर रांग भरलेली. आणि यंत्रापाशी उभा असलेला रखवालदार आता आमच्याकडेच बघत होता. दोन म्हाताऱ्या पिशवी कवटाळून कुजबुजताहेत म्हटल्यावर कोणीही बघेल. मी विहीणबाईंच्या हातातून पिशवी ओढून घेतली आणि पट्ट्यावर ठेवली.

पिशवी आत गेली. पट्टा थांबला. मागे सरकला, पुन्हा पुढे आला. रखवालदाराने पिशवी बाजूला घेतली आणि विचारलं, "किसका है?"

आपल्याकडचाच दिसत होता, उत्तरेकडचा कोणीतरी, पंचविशीतला. मी पुढे झाले. "मेरा है."

त्याने पिशवीतून स्टीलचा डबा काढला, झाकण उघडलं. तुपाचा आणि गुळाचा असा वास सुटला की मागच्या गोऱ्या बाईनेसुद्धा मान उंचावली. अनारसे सुरेख झाले होते. लालसर, नीट जाळी पडलेली, आणि वर पांढरे दाणे अगदी एकसारखे बसलेले. त्याने एक उचलून तोंडासमोर धरला.

"ये क्या है, अम्मा?"

"मिठाई. पूजा की."

"और ये ऊपर?"

एक्स्चेंजमध्ये मी उभी हयात काढली. फोन लागत नाही म्हणून खवळलेल्या माणसांना "लाईन व्यस्त आहे, थोडं थांबा" असं गोड आवाजात सांगायची सवय होती, मग लाईन व्यस्त असो वा नसो. तोच आवाज मी काढला.

"तिल है, बेटा."

त्याने अंगठ्याने ते दाणे चोळले. चार-पाच गळून त्याच्या तळहातावर पडले. तीळ एवढेसे नसतात, हे शेंबड्या पोरालाही कळेल. त्याने दाण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या विहीणबाईंकडे, ज्या डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. माझ्या पाठीवरून घाम ओघळला. त्या टॉवरमध्ये तर थंडीने कुडकुडायची वेळ होती.

"खाना ऊपर नहीं जाता," तो शेवटी म्हणाला. "यहीं रहेगा. टोकन लीजिए."

डबा त्याने मागच्या फळीवर ठेवला आणि एक पितळी बिल्ला माझ्या हातात दिला. रिकामी पिशवी परत केली.

"काय गं आई, काय झालं?" आम्ही पलीकडे गेल्यावर तुषारने विचारलं.

"काही नाही रे. खाऊ वर नेत नाहीत म्हणे."

"मी सकाळीच सांगितलं होतं, काही घेऊ नका," तो म्हणाला, आणि मग मृणालकडे वळून, "तू बघायला हवं होतंस ना."

लिफ्ट इतक्या वेगात वर गेली की कान बंद झाले. वर गेल्यावर भिंतीच नाहीत, चहूकडे काचा, आणि खाली सगळी दुबई. तुषारला नुसता चेव आला होता. "ते बघ आई, तिथे दोन वर्षांपूर्वी नुसती वाळू होती. तो पूल, तो गेल्या वर्षीचा. ते पाणी दिसतंय ना, ते खणून आत आणलंय. आणि त्या क्रेन मोज, मोजच." जणू ते शहर त्याने स्वतः रात्रपाळी करून बांधलं होतं. एरवी मी चार प्रश्न विचारून त्याची हौस पुरवली असती. पण माझं लक्ष पार तळाशी, त्या फळीवर होतं. आत्ता कोणी डबा उघडला असेल का? त्या मुलाने वरच्या साहेबाला सांगितलं असेल का? आम्ही खाली उतरू तेव्हा दाराशी पोलीस उभे असतील का?

विहीणबाई काचेपासून लांब, मधल्या खांबाला टेकून उभ्या होत्या. मी त्यांच्याजवळ गेले.

"मी एकटी खाली जाते," त्या म्हणाल्या. "बिल्ला मला द्या. तुम्ही तिघं दुसऱ्या दाराने बाहेर पडा. विचारलंच तर सांगेन, मी एकटीच आले, बरोबर कोणी नाही."

"तुम्हाला लिफ्टचं बटण दाबता येत नाही, विहीणबाई. एकट्या दुबईला आलात यावर कोण विश्वास ठेवील?"

त्यांना हसू आलं नाही. मग मी म्हटलं, "असं करू. बिल्ला टाकून देऊ आणि डबा सोडून जाऊ. राहू दे तिथेच."

"त्याच्यावर नाव आहे."

"कशावर?"

"झाकणावर. कोरलेलं. पुष्पलता शेवडे, कराड. आमच्या ह्यांनी सगळ्या भांड्यांवर घालून घेतलं होतं."

मी कपाळावर हात मारला. आपल्याकडे वाटीसुद्धा नाव घातल्याशिवाय घरात येत नाही, आणि त्या टॉवरमध्ये निम्मी माणसं देवनागरी वाचणारी.

"पोलिसांचं काय व्हायचं ते होवो," विहीणबाई म्हणाल्या. "माझं वय झालंय. पण तुषाररावांना कळलं ना, तर मृणालला जन्मभर ऐकावं लागेल हो. शेजारी म्हणत होते, तुम्हाला कशाला हवं वाण आणि बिण, एकट्या बाईने केलं नाही तरी चालतं. मलाच वाटलं, माझ्या मुलीचं काही कमी राहायला नको. आणि बघा, काय करून बसले."

आदल्या रात्री मीही ऐकलं होतं. मृणाल दूध आणायला विसरली, एवढंच झालं होतं. तुषार म्हणाला, "तुमच्याकडे सगळं असंच, आंधळा कारभार." ओरडला नाही, हसत म्हणाला. मृणालही हसली. पण विहीणबाई भाजी निवडत होत्या, त्यांचा हात थांबला. आणि मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी होते, तर मला क्षणभर माझे दिवंगत यजमानच बाहेर बसलेत असं वाटलं. तोच सूर, तेच हसणं.

आम्ही खाली उतरलो. दाराशी पोलीस नव्हते. रखवालदार तोच होता. मी बिल्ला पुढे केला. त्याने तो घेतला, फळीकडे पाहिलं आणि "एक मिनट" म्हणून आत गेला. ते मिनिट संपेना. मृणाल म्हणाली, "आई, तुम्हाला बरं नाही का? घाम आलाय." मी मान हलवली. विहीणबाईंनी माझा दंड धरला होता. त्या बाईच्या हाताला एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

तो डबा घेऊन आला. माझ्या हातात देताना किंचित वाकला आणि हळूच म्हणाला, "अम्मा, ये वाला तिल दुबई में मत लाया करो. हर कोई मेरे जैसा नहीं होता."

त्याचे पाय धरावेत असं वाटलं. पण तुषार माझ्या मागेच उभा होता.

"कसले तीळ?" त्याने विचारलं. "काय म्हणाला तो?"

"काही नाही, चल."

"बघू तो डबा."

त्याने झाकण उघडलं. आत बघितलं. एवढा वेळ दुबईने खुललेला माझा मुलगा एका क्षणात पांढराफटक पडला. त्याने चटकन इकडेतिकडे, वर छताकडे, कॅमेऱ्यांकडे पाहिलं, आणि आम्हाला जवळजवळ ढकलतच त्या मोठ्या मॉलच्या एका कोपऱ्यात नेलं. झाकण त्याच्या हातात होतं. मी ते काढून घेतलं, डब्यावर दाबून बसवलं आणि नावावर तळहात ठेवला.

"हे कोणी आणलं?" तो दात आवळून म्हणाला.

विहीणबाईंचे ओठ हलले. मृणालने डब्याकडे पाहिलं. कराडच्या घरातला डबा, तिने लहानपणापासून पाहिलेला. ती आपल्या आईकडे वळली आणि तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"मी आणलं," मी म्हटलं.

"तू?"

"मी. तुला आवडतात म्हणून."

"अनारसे? या दिवसांत? दिवाळी आहे का आज?"

अधिक महिन्यात अनारसे कोण कोणाला देतं हे त्या शहाण्याला ठाऊक असतं, तर माझं पितळ तिथेच उघडं पडलं असतं. पण त्याला चतुर्थी कधी असते तेही माहीत नव्हतं. लाड करून वाढवल्याचा असाही उपयोग होतो.

"आवडतात म्हणून काय झालं?" मी म्हटलं.

मग तो बोलला. आवाज चढवता येत नव्हता म्हणून एकेक शब्द चावून बोलला. "तुला फोनवर सांगितलं होतं की नाही? कितीदा सांगितलं होतं? मृणालच्या आईला कळतं, त्यांनी नाही आणलं काही, आणि तू, एवढी नोकरी केलेली बाई! माझी नोकरी गेली असती. आपण चौघंही आत गेलो असतो. कळतंय का तुला? तुझ्या या हौशीपायी माझ्या बायकोला आणि त्या माउलीला तुरुंगात बसवलं असतंस. अक्कल कुठे ठेवून आलीस, नाशिकला?"

तो मला असं कधी बोलला नव्हता. लागलं, नाही कसं लागणार? मी डबा धरून उभी राहिले आणि ऐकून घेतलं. शेजारून फुगे घेतलेली मुलं जात होती. माझा तळवा झाकणाला चिकटून ओला झाला होता.

"तुषारराव," विहीणबाई म्हणाल्या, "ऐका माझं जरा..."

"तुम्ही मध्ये पडू नका, आई. तुम्ही तिची बाजू घेणार, मला माहीत आहे."

"द्या, मी धरते," मृणाल मला म्हणाली. तिने माझ्या हाताखालून डबा घेतला, असा की झाकण तिच्या पदराकडे वळलं. "हे आधी नाहीसं करायला हवं. बायकांच्या बाजूला जाऊन पाण्यात सोडून येतो. तू इथेच थांब, तुषार."

स्वच्छतागृहात मृणाल दाराशी उभी राहिली आणि आम्ही दोघी बेसिनपाशी. मी म्हटलं होतं, संडासात टाकून पाणी सोडू, काम झटपट होईल. विहीणबाई म्हणाल्या, "वाण आहे ते. मी मेले तरी नाही टाकणार." मग नळाखाली एकेक अनारसा धरायचा, तो हातात विरघळायचा, खसखस पाण्याबरोबर जाळीतून खाली जायची. चार दिवस तांदूळ भिजवून, वाळवून, कुटून, गूळ मुरवून केलेलं ते काम. त्या रडत होत्या आणि मी पाणी सोडत होते.

"मी बाहेर जाते आणि सांगते त्यांना," त्या म्हणाल्या. "तुम्ही माझ्यापायी का म्हणून बोलणी खायची? एवढ्या माणसांत?"

"काही सांगायचं नाही."

"पण का?"

मी नळ बंद केला. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती, तुषारलाही नाही.

"माझी आई लग्नानंतर आमच्याकडे आली होती," मी म्हटलं. "येवल्याहून बसने, मांडीवर लाडवांचा डबा घेऊन. उन्हाळा होता. तुपाला जरासा वास लागला होता. हे सगळ्यांसमोर म्हणाले, तुमच्याकडे असलंच खातात का? हसत म्हणाले. आईसुद्धा हसली. चहा घेतला आणि संध्याकाळच्या बसने गेली. नंतर मी कितीदा बोलावलं. तुषार झाला तेव्हा बोलावलं. येते गं, येते, म्हणायची. परत माझ्या घरी आली नाही. गेली तेव्हा मीच येवल्याला गेले."

विहीणबाईंनी ओल्या हातांनीच डोळे पुसले.

"तुषार माझ्यावर चिडला, तर रात्री जेवताना म्हणेल, आई, आमटी वाढ," मी म्हटलं. "तुमच्यावर चिडला तर तो विसरणार नाही आणि तुम्ही तर त्याहून नाही. तुम्हाला मुलीच्या घरी पुन्हा यायचंय ना? मग आण तो पुढचा अनारसा."

घाईत मी त्यांना एकेरी बोलले, ते मला त्या वेळी कळलंही नाही. त्यांनी पुढचा अनारसा दिला. दाराशी उभी असलेली मृणाल भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे देवळात गेलो. बोळातल्या दुकानात बत्तासे मिळाले. जाळीदार असले की चालतात अधिकाला. विहीणबाईंनी त्यावर निरांजन ठेवून जावयाच्या हातात वाण दिलं. हे काय असतं ते त्याला मृणालने समजावून सांगितलं. तुषार खाली वाकला, चांगला गुडघे टेकून वाकला, आणि म्हणाला, "तुम्ही एवढं लक्षात ठेवून केलंत आई, आणि आमच्या मातोश्रींनी बघा काय उद्योग केला." त्याच्या वाकलेल्या पाठीवरून विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी देवाकडे तोंड वळवलं. रात्री जेवताना त्याने मला आमटी मागितली.

नंतर ती दोघं पुण्याला परत आली. विहीणबाई दर वर्षी महिना-दोन महिने त्यांच्याकडे राहायच्या, आणि अंथरुणाला खिळल्या तेव्हा तुषार स्वतः गाडी घेऊन कराडला गेला आणि त्यांना घेऊन आला. मी त्यांना बघायला गेले होते, त्या दिवशी नर्स नवीन होती. तुषारने तिला नेहमीची गोष्ट सांगायला घेतली, आमच्या आईने दुबईत अफू कशी नेली ती. रंगवून सांगत होता. नर्स हसत होती. मृणाल उठून स्वयंपाकघरात गेली.

विहीणबाईंनी हात उचलला. "तुषारराव," त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "त्या दिवशीचं खरं सांगू का तुम्हाला?"

"विहीणबाई," मी म्हटलं, "पेज निवतेय. आधी ती घ्या."

तुषारने माझ्या हातातून वाटी घेतली, त्यांच्या मानेखाली हात घालून त्यांना जरा वर उचललं आणि चमचा पुढे केला. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तोंड उघडलं.